हिरव्या ठिपक्याचा संच

"आयर्न डावीकडं जातंय, ड्रायव्हर उजवीकडं. मधी जायचं तेवढं ऱ्हायलंय बघा."

बेळगावातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप चालवणाऱ्या एका गृहस्थांची ही तक्रार, गोल्फच्या काठ्यांबद्दल. आयर्न म्हणजे मधल्या आणि जवळच्या फटक्यांची, चपट्या पोलादी हेडची काठी. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब मारायची, मोठ्या हेडची. वय 54, उंची 5 फूट 5 इंच. सहा दिवस हायड्रॉलिकचे सुटे भाग करायचे आणि रविवारी पहाटे कॅम्पाकडच्या गोल्फ मैदानावर जायचं. त्यांना कारखान्यात कामगार 'मालक' म्हणतात, मैदानावर काठ्यांची बॅग वाहणारे कॅडीही 'मालक'च म्हणतात आणि घरी वहिनीही चिडल्या की तेच म्हणतात. तेव्हा इथंही 'मालक'च. मी टूलरूममध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. खेळतो बेताचा, पण ग्रिप बदलणं, सुटलेलं हेड चिकटवणं असली कामं हौसेनं करतो. त्यामुळं तक्रार माझ्याकडं आली.

साधारण वर्षभर चाललेलं हे प्रकरण आहे. सगळं लिहून काढतोय, कारण यातल्या निम्म्या चुका मी केल्या आणि उरलेल्या निम्म्या होताना बघत उभा राहिलो.

संच आला कुठून

मालकांचा भाचा अमेरिकेत असतो, उंची 6 फूट 1 इंच. त्यानं नवीन आयर्न घेतल्या आणि जुन्या मामांना आणून दिल्या: 3 नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत, स्टीलच्या शाफ्टच्या, म्हणजे मधल्या नळीच्या, शाफ्टवर 'एस' म्हणजे स्टिफ, ताठर. प्रत्येक हेडच्या मानेजवळ, ज्याला होझेल म्हणतात तिथं, एक हिरवा ठिपका. संच देखणा होता. मालकांनी पहिल्याच रविवारी मैदानावर सगळ्यांना तो दाखवला. ठिपका मीही पाहिला आणि विचारलंही, "हा कशाचा हो?"

"असंल की, कंपनीचा."

मीही मान डोलावली. आम्ही दोघंही असे, की कारखान्यात ड्रॉइंगवरच्या मापावर विश्वास ठेवत नाही. जॉब हातात आला की आधी व्हर्निअर लावतो आणि मगच बोलतो. पण तेच आम्ही मैदानावर शाफ्टवरचं एक अक्षर आणि हेडवरचा एक आकडा देववाणी असल्यासारखं मान्य करून बसलो होतो.

ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. तो मालकांनी एका मोठ्या शहरातल्या दुकानात, पडद्यासमोर बॉल मारून, यंत्रावर आकडे बघून घेतला होता. तिथं स्विंगचा वेग ताशी 93 मैल आला म्हणून त्यांना 9 अंश लॉफ्टचा (हेडचं बॉलला लागणारं तोंड जेवढं मागं कललेलं असतं तो कोन म्हणजे लॉफ्ट), साडेपंचेचाळीस इंची, स्टिफ शाफ्टचा ड्रायव्हर दिला. पुढं एका लष्करी अधिकाऱ्याकडच्या लहानशा रडारवर आम्ही रविवारच्या खेळातला वेग पाहिला, तर तो सरासरी 81 भरला. यंत्र खोटं बोललं नव्हतं. दुकानातलं पोरगं शेजारी उभं राहून बघतंय म्हटल्यावर मालकांनी जोर लावला होता, एवढंच. आपण सगळेच लावतो. दवाखान्यात रक्तदाब मोजताना तो वाढतो, तसलाच हा प्रकार. दुकानात मापं द्यायला जाणाऱ्यानं पहिले वीस बॉल आकड्यांकडं न बघता मारावेत आणि थकवा जाणवायला लागल्यावरचे आकडे धरावेत असं मला आता वाटतं.

आधी निशाण, मग निदान

पहिले दोन महिने आम्ही जे सगळे करतात तेच केलं: सल्ले घेतले. कुणी म्हणालं ग्रिप घट्ट धरताय, कुणी म्हणालं डोकं हलतंय. एकानं तर बॉल बदलायला सांगितलं. मालकांनी सगळं ऐकलं आणि बॉल होता तिथंच जात राहिला.

मग एका रविवारी आमच्या नेहमीच्या कॅडीनं, वयानं मोठा म्हणून सगळे त्याला मामा म्हणतात, सहज बोलून दाखवलं. "मालक, तुमच्या काठ्या एकाच कडंला घासून लागल्यात की ओ. ही बघा." त्यानं 7 नंबर उलटी करून तळ दाखवला. तळाचा शाफ्टकडचा भाग, म्हणजे हील, चकाकत होता. टोकाकडचा भाग मात्र नव्यासारखा होता.

कारखान्यात एखाद्या भागावर एकाच बाजूला घासल्याची खूण दिसली असती तर आम्ही मशीन थांबवून अलाइनमेंट तपासली असती. इथं दोन महिने आमच्यापैकी एकानंही काठी उलटी करून पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून हायलमची शीट आणली. पॅनेल बोर्डात इन्सुलेशनसाठी वापरतात ती, गुळगुळीत आणि टणक. ती गवतावर ठेवली, 7 नंबरच्या तळाला मास्किंग टेप लावली आणि शीटवरचा बॉल मारायला सांगितलं. टेपवर जिथं ओरखडा उठतो तिथं आघाताच्या क्षणी तळ टेकतो. नेमका मधोमध उठला तर काठीचा जमिनीशी होणारा कोन, म्हणजे लाय, खेळणाऱ्याला बरोबर आहे. हीलकडं उठला तर टोक हवेत आहे, म्हणजे लाय जास्त उभी आहे. टोकाकडं उठला तर ती बसकी आहे. मालकांचे दहाही ओरखडे हीलकडं.

खात्रीसाठी दुसरी युक्तीही केली. बॉलवर मार्करनं जाड उभी रेघ काढायची, ती काठीच्या तोंडासमोर येईल असा बॉल ठेवायचा आणि मारायचा. रेघेचा ठसा तोंडावर उमटतो. लाय बरोबर असेल तर ठसा तोंडावरच्या खाचांना काटकोनात येतो. ठशाची वरची बाजू हेडच्या टोकाकडं कलली तर लाय उभी. आमचा ठसा तसाच कलला.

हिरव्या ठिपक्याचा उलगडा तेव्हा झाला. रंगांची ही पद्धत पिंग कंपनीची. नॉर्वेत जन्मलेले आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेले कार्स्टन सोलहाइम यांनी 1959 मध्ये ही कंपनी सुरू केली. खेळाडूची उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर घेऊन त्यावरून लाय ठरवायचा रंगीत तक्ता त्यांनी 1970 च्या दशकात काढला. काळा ठिपका म्हणजे प्रमाण. निळा, हिरवा, पांढरा म्हणजे चढत्या क्रमानं उभी लाय. लाल, नारिंगी म्हणजे बसकी. हिरवा म्हणजे प्रमाणापेक्षा साधारण दोन अंश उभी. ठिपका शोभेचा नव्हताच. तो भाच्याच्या मापाचा होता, शिंप्यानं कापडाला लावलेल्या चिठ्ठीसारखा. मालक ते कपडे तसेच घालून फिरत होते.

लांबीही मोजली. स्टील शाफ्टची 7 नंबर साधारण 37 इंच असते, ही साडेसदतीस निघाली. लांबी अर्धा इंच वाढली की हातात ती सुमारे एक अंश उभी खेळते असा कारागिरांचा ठोकताळा आहे. म्हणजे दोन आणि एक मिळून तीन अंश.

तीन अंशांनी काय होतं

हा हिशोब मालकांनी त्यांच्या टेबलावर, चहाच्या बशीशेजारी, जॉब कार्डाच्या पाठीमागं मांडला. टोक वर उचललं की तोंड नुसतं कलत नाही, त्याचा रोख डावीकडं वळतो. लॉफ्ट जितका जास्त तितका जास्त वळतो. लायच्या चुकीला लॉफ्टच्या टॅननं गुणलं की रोख किती अंश फिरला ते जवळपास मिळतं.

7 नंबरचा लॉफ्ट 34 अंश धरला तर टॅन 0.67. तीन गुणिले 0.67 म्हणजे दोन अंश. 130 यार्डांवर दोन अंश म्हणजे साडेचार यार्ड. पिचिंग वेजचा लॉफ्ट 46, टॅन एकाच्या किंचित वर, रोख तीन अंशांहून थोडा जास्त फिरला, 95 यार्डांवर पाच यार्ड. पाच यार्ड म्हणजे पंधरा फूट, ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताचा, मध्य आणि डावीकडची वाळू यांच्यातलं अंतर. आणि 9 अंशांचा ड्रायव्हर? टॅन 0.16, रोख अर्धा अंश. म्हणजे ड्रायव्हरला लायच्या चुकीचं जवळजवळ सोयरसुतक नाही.

इथं मालक थांबले. "मग ड्रायव्हर उजवीकडं का जायलाय?"

याचं उत्तर हिशोबात नव्हतं. ते कॅडी मामांनी दिलं, तेही विचारल्यावर. "मालक हात धरून मारतात. सोडतच न्हाईत."

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथं आहे. आयर्न डावीकडं जाते म्हणून मालकांच्या हातांनी, मालकांना न विचारता, उपाय शोधला होता. आघाताच्या क्षणी मनगटं वळू द्यायची नाहीत, तोंड थोडं उघडं, म्हणजे उजवीकडं रोखलेलं, धरायचं. आयर्नला तो उपाय अर्धामुर्धा लागू पडायचा, कधी सरळ, कधी डावीकडं. पण तीच धरून मारायची सवय ड्रायव्हरला लागली की तोंड उघडं राहून बॉल उजवीकडं वळत जायचा. लॉफ्ट कमी असला की बॉलला बाजूची फिरकी जास्त दिसते, म्हणून तो स्लाइस भला मोठा. दोन उलट्या तक्रारींचं मूळ एकच होतं, आणि ते मूळ भाच्याच्या उंचीत होतं.

काय बदलायचं, काय नाही

यावर आमचा खरा वाद झाला. मालकांचं म्हणणं, बाजारात स्लाइस रोखणारे ड्रायव्हर मिळतात, हीलकडं वजन ठेवलेले, तोंड आपोआप मिटवणारे. एक घेऊ आणि मोकळं होऊ. माझं म्हणणं, अंगाचं माप बदलत नाही, सवय बदलते. उंची, हाताची लांबी, पंजा, ताकद यांना काठी बसवायची. उघडं तोंड ही सवय आहे. तिला काठी बसवली तर ती सवय कायमची भाडेकरू होऊन राहते. महिन्यातून एकदा खेळणाऱ्याला, सरावाला वेळच नसणाऱ्याला तसला ड्रायव्हर मीसुद्धा घ्यायला सांगेन, त्यात काही पाप नाही. पण मालक दर आठवड्याला खेळतात आणि संध्याकाळी कारखान्यामागच्या जाळीत पन्नास बॉल मारतात. त्यांची सवय सुटण्यासारखी होती.

शेवटी ठरलं: आधी लांबी आणि लाय. मग थांबायचं. बॉल काय सांगतो ते बघायचं आणि मग पुढचं. एका वेळी एकच गोष्ट, टूल सेटिंगसारखं. दोन ऑफसेट एकदम बदलले तर कुठल्यानं फरक पडला ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

लांबी सोपी. ग्रिप काढायला कंप्रेसरची हवा पुरते. टोकाच्या भोकातून हवा सोडली की रबर फुगून अलगद निघतं, फाटत नाही. उद्यमबागेत कंप्रेसर नाही असं शेड शोधावं लागेल. स्टीलचा शाफ्ट पाइप कटरनं वरच्या टोकाकडून अर्धा इंच कापला. खालच्या टोकाकडून कापला तर शाफ्ट बराच ताठर होतो, वरून कापला तर फरक किरकोळ.

लाय वाकवणं मात्र सोपं नव्हतं, आणि माझी पहिली मोठी चूक इथली. यासाठी वेगळं यंत्र मिळतं, हेड पकडून शाफ्टजवळ लांब दांडा लावून मान वाकवायचं. आमच्याकडं ते नव्हतं. पण बेंच व्हाइस होता, पितळी जबडे होते आणि डिजिटल अँगल गेज होतं. "यात काय एवढं," मी म्हणालो. नशीब, की आधी भंगारातल्या एका बिननावाच्या जुन्या 5 नंबरवर करून पाहिलं. दोन अंश वाकली. तीन अंश वाकली. मला जोर आला, चौथ्याला टक् असा आवाज झाला आणि मान माझ्या हातात आली.

मालकांनी तुटलेला भाग उचलला आणि भिंगातून कण बघायला लागले, फाउंड्रीत रिजेक्शनचा तुकडा बघतात तसे. त्यांच्या भोवतालच्या फाउंड्र्यांत वाळूच्या साच्यात ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न ही ओतीव लोखंडं ओततात. गोल्फची ओतीव हेडं वेगळी. मेणाचा नमुना करून त्यावर सिरॅमिकचा थर चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत स्टेनलेस ओतायचं. देवाच्या पंचधातूच्या मूर्ती ओततात त्याच तत्त्वावर. यातलं 17-4 प्रकारचं स्टेनलेस कठीण असतं, फार वाकायला राजी नसतं. दोनेक अंशांपर्यंत ठीक, त्यापुढं आपली जबाबदारी. घडवलेली, म्हणजे फोर्ज केलेली, मऊ पोलादाची हेडं मात्र निमूट वाकतात. वाकवण्याआधी हेड ओतीव की घडीव हे विचारायचं असतं. हे मला लोखंडात तीस वर्षं घालवूनही मान तुटल्यावर आठवलं.

मग मालकांनी मिलिंगवर नीट फिक्स्चर केलं. तोंडावरच्या खाचा आडव्या ठेवून हेड पक्कं धरायचं, शाफ्टवर अँगल गेज बसवायचं. संचाच्या होझेलला वाकवण्यासाठीच ठेवलेली खाच होती, त्यामुळं धीर आला. दांड्यावर त्यांचा जुना कन्नड बोलणारा ऑपरेटर होता. तो दर वेळी दांडा हलवताना "स्वल्प, स्वल्प" पुटपुटायचा आणि थांबून गेज बघायचा. 7 नंबर 64 आणि पाव अंशावर होती, 62 आणि पाववर आणली. एकेका हेडला वीस-पंचवीस मिनिटं लागली. लायबरोबर लॉफ्टही सरकतो, म्हणून तोही तपासला. दोन हेडांत अर्धा अंश सरकला होता, तो परत घेतला.

अर्धा इंच कापल्यानं आणखी एक गोष्ट होते, ती बहुतेकजण विसरतात. काठी हातात हलकी वाटायला लागते. वजन काटेकोर मोजलं तर फारसं कमी झालेलं नसतं, पण हेडचा भार हाताला कमी जाणवतो. याला स्विंगवेट म्हणतात. ग्रिपच्या टोकापासून 14 इंचांवर टेकू देऊन ते मोजतात आणि डी-0, डी-1, डी-2 अशा अक्षर-आकड्यांत सांगतात. अर्धा इंच कमी केला की साधारण तीन टप्पे उतरतात. हेडला सुमारे दोन ग्रॅम चिकटवले की एक टप्पा चढतो. म्हणजे सहा ग्रॅम शिशाची पट्टी. शहापुरातल्या ओळखीच्या सराफाचा काटा दोन तासांसाठी मागून आणला. सोनं तोलायच्या पारड्यात शिशाच्या चिंध्या बघून त्याचा चेहरा काय झाला ते लिहीत नाही. पट्टी लावायची ती खेळ सुरू होण्याआधी. फेरी चालू असताना काठीचा गुण मुद्दाम बदलला तर त्या काठीनं फटका मारता येत नाही, असा नियम आहे.

आधीचं बरं होतं

ओरखडा मधोमध आला. आम्ही दोघं खूश. रविवारी मालकांनी नव्या बेताच्या 7 नंबरनं पहिला बॉल मारला, तो उजवीकडं. दुसरा उजवीकडं. पाचवा तर झाडीत, जिथं 2022 च्या ऑगस्टमध्ये बिबट्या शिरल्यानं भोवतालच्या शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या होत्या आणि शोधायला शिवमोग्याकडून हत्ती आणले होते, त्या अंगाला.

"आता हत्ती बोलवा," मालक म्हणाले. हसत नव्हते.

कारण समजत होतं. काठी सरळ झाली, हात अजून जुन्या काठीसाठी तोंड उघडं धरत होते. पण कारण समजणं आणि दर रविवारी झाडीत बॉल शोधणं यात अंतर आहे. चौथ्या आठवड्यात मालकांनी मला विचारलं, परत वाकवता येईल का. मी सांगितलं, येईल, पण ती मान तिसऱ्यांदा वाकायला तयार होईल याची हमी मी देणार नाही. त्यांना तुटलेली 5 नंबर आठवली असावी. विषय थांबला.

मामांनी दोन गोष्टी सुचवल्या. पिचिंग, म्हणजे जवळचे लहान फटके, करताना उजवं मनगट डाव्यावरून जाऊ द्या, आणि पुढचे पाच रविवार स्कोअर लिहू नका. दुसरी जास्त कामाची ठरली. सातव्या-आठव्या आठवड्यात बॉल मध्ये यायला लागला. गंमत अशी, की ड्रायव्हरचा स्लाइस तेव्हाच अर्धा झाला, आणि ड्रायव्हरला आम्ही अजून हातही लावला नव्हता.

मग ड्रायव्हर घेतला. तोंडावर व्हाइटबोर्डच्या मार्करची शाई फासून दहा बॉल मारले. बॉलचे ठसे बहुतेक हीलकडं. बॉल हीलवर लागला की हेड आघातानं फिरतं आणि बॉलला उजवीकडं वळणारी फिरकी मिळते, म्हणजे उरलेल्या स्लाइसचा वाटेकरी हा होता. साडेपंचेचाळीस इंचांची काठी 5 फूट 5 इंचांच्या माणसाला आवरत नव्हती. एक इंच कापली. ठसे मध्याकडं आले. हेडजवळच्या फिरत्या बाहीनं लॉफ्ट एक अंश वाढवला. 81 मैलांच्या वेगाला 9 अंश म्हणजे बॉल वर जायच्या आधीच खाली यायचा. अंतर कमी झालं का? सर्वांत लांब फटका कमी झाला, हे मालक आजही ऐकवतात. पण बाकीचे वाढले.

शाफ्टचा 'एस' उरला. या अक्षरामागं कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा 'एस' दुसरीच्या 'आर'सारखा, म्हणजे त्याहून लवचीक रेग्युलरसारखा, लागू शकतो. आयर्नच्या शाफ्टचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास होतं, आणि मालकांचे शेवटचे चार-पाच होल नेहमी ढासळायचे. हलके ग्रॅफाइट घालावेत असं माझं मत होतं आणि आहे. त्यांनी नकार दिला. "दिवसभर लोखंड उचलतोय, हे काय जड?" ड्रायव्हरचा शाफ्ट तेवढा बदलला, हलका 'आर'. आयर्न तशाच आहेत, आणि शेवटचे होलही अजून ढासळतातच.

बॅगेत काय ठेवलं

नियमानं बॅगेत 14 काठ्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. कमी चालतात, हे लोक विसरतात. मालकांनी चौदा भरल्या होत्या, त्यात 3 आणि 4 नंबरच्या आयर्न. 81 मैलांच्या वेगानं त्या बॉलला पुरेशी उंचीच देत नाहीत, दोन्ही जवळपास एकाच जागी पडायच्या. दोन्ही काढून 24 अंशांचा एक हायब्रिड, म्हणजे आयर्न आणि ड्रायव्हर यांच्या मधल्या घडणीची काठी, घेतला. पटवायला गोल्फपटू अदिती अशोकचं उदाहरण उपयोगी पडलं. टोकियो ऑलिम्पिकला आपल्याच कर्नाटकातली ही मुलगी चौथी आली, आई कॅडी होती. लांब मारणाऱ्यांत तिची गणती नव्हती, तरी पदक एका फटक्यानं हुकलं. मालकांनी 3 नंबर अजून कारखान्याच्या ऑफिसात, देवाच्या फोटोशेजारी उभी केलीय.

आकड्यांचीही भानगड असते. जुन्या संचात 7 नंबरचा लॉफ्ट 35-36 अंश असायचा. आजकाल 30 अंशांच्या आसपासचेही 7 नंबर मिळतात. 'माझी 7 नंबर दीडशे यार्ड जाते' असं कुणी सांगितलं की मालक आता विचारतात, किती अंशांची?

वेजचं आमच्या मातीमुळं वेगळं बघावं लागलं. त्यांची 56 अंशांची वेज 14 अंश बाउन्सची होती, म्हणजे तळ जाड आणि फुगीर. श्रावणात, जमीन भिजून लोण्यासारखी झालेली असताना ती झकास चालते, रुतत नाही. पण एप्रिलात तांबडी जमीन भाकरीच्या तव्यासारखी टणक झाली की तळ आपटून उसळतो आणि काठीची धार बॉलच्या पोटात लागते. बॉल ग्रीनच्या पलीकडं. 8 अंश बाउन्सची दुसरी घेतली. उन्हाळ्यात ती, पावसाळ्यात जुनी. दोन्ही एकदम नेत नाहीत.

ग्रिपबद्दल थोडंच. जाड ग्रिपनं हात वळत नाहीत आणि स्लाइस होतो असं म्हणतात. मला तो नियम फारसा पक्का वाटत नाही, पण भाच्याच्या पंजाच्या मापानं खाली टेपचे तीन थर दिलेले होते, ते काढून एकच ठेवला. आमच्या पावसात दोऱ्याची वीण असलेल्या ग्रिप बऱ्या, आणि कुठल्याही ग्रिप महिन्यातून एकदा भांड्याच्या साबणानं धुवाव्यात. निम्म्या लोकांची घसरण तेवढ्यानंच थांबेल.

दिवाळीत भाचा आला. मालकांच्या बॅगेत आपल्या जुन्या काठ्या बघून खूश झाला आणि 7 नंबर काढून चार बॉल मारले. चारही उजवीकडं. "मामा, याला काय केलंत तुम्ही?" त्यानं काठी उलटी केली. तळाच्या टोकाकडच्या बाजूला ताजी तांबडी माती लागली होती. ठिपका हिरवाच होता, तो आम्ही पुसला नव्हता.

मालक काही बोलले नाहीत. गाडीची डिकी उघडली आणि हायलमची शीट आणि मास्किंग टेप बाहेर काढली.